देवी अहिल्याबाईंचा न्याय आणि देशरिवाज

इंदूरच्या राजवाड्यासमोरील चौकात उभे राहिले म्हणजे देवी अहिल्याबाई होळकरांची मूर्ती दृष्टीस पडते. शहराच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, विमानतळास आहे, आणि कित्येक घरांच्या देवघरांत त्यांच्या तसबिरीसही स्थान आहे. नवलाची गोष्ट अशी की, ज्या शहराने त्यांना असे आपलेसे केले ते त्यांच्या हयातीत होळकरांची राजधानी नव्हते. त्या राहिल्या नर्मदेच्या उत्तर तीरावर, महेश्वरी. राजधानी इंदुरास आली ती त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर. तरीही इंदूरकरांनी त्यांना माउली मानले. त्याचे एक कारण या शहरातील एका विधवेच्या फिर्यादीत आहे. ती हकीकत पुढे येईलच.

काशीविश्वेश्वराचे देवालय, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, बारवा आणि अन्नछत्रे यांमुळे अहिल्याबाईंचे नाव भारतभर पोहोचले. देवस्थानांच्या स्मरणिकांतून या बांधकामांची यादी वारंवार छापली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दगडी बांधकाम डोळ्यांस दिसते, तसा निवाडा दिसत नाही. तीस वर्षांच्या कारभारात त्यांनी नित्य जे काम केले ते न्यायदानाचे. हा न्याय कोणत्या कायद्याने होत होता आणि त्यातले आज आपल्या कायद्यात काय उरले आहे, हा त्यांच्या चरित्राचा तुलनेने दुर्लक्षित भाग होय.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चोंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी पाटलाचे घर म्हणजे गावच्या न्यायाचा उंबरठाच. राज्याचा म्हणून छापील कायदा नव्हता. धर्मशास्त्राचे ग्रंथ होते. पण ते उघडण्याचा प्रसंग मोठ्या वादातच येई. एरवी वतनाचा, बांधाचा, वाटणीचा, मानपानाचा तंटा गोतापुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावची जुनी कुळे एकत्र बसत. पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा वादी-प्रतिवादींकडून आधीच लिहून घेत आणि त्यास जामीन घेत. मग साक्षी होत, जुने कागद पाहत, वडीलधाऱ्यांस पूर्वापार वहिवाट कशी होती ते विचारीत. साक्षीने उलगडले नाही तर दिव्य करण्याचीही चाल होती. निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि अक्षरशत्रू माणसे त्यावर आपल्या धंद्याची निशाणी करीत. कुणब्याचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या असलेले महजर आजही दप्तरांतून आढळतात. जिंकणारा सरकारास हरकी देई आणि हरणारा गुन्हेगारी.

कसब्यात व पेठेत हेच काम शेटे-महाजनांकडे असे. गोव्या-कोकणात आज देवस्थानाच्या कुळाव्यांपुरता उरलेला महाजन हा शब्द देशावर बाजारपेठेच्या कारभारातला होता. बाजारातील मापे, नव्या व्यापाऱ्यांची वसाहत, उधारी-उसनवारीचे तंटे यांत त्याचा शब्द चाले. त्याचा अधिकार कोणत्या कलमातून आलेला नव्हता, वहिवाटीतून आलेला होता. देशरिवाज म्हणतात तो हाच.

मल्हारराव होळकरांनी या पाटलाच्या कन्येस सून करून घेतले. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर बारा वर्षे सासऱ्यांच्या गैरहजेरीत वसूल, फौजेची रसद आणि रयतेच्या फिर्यादी यांचा भार सूनबाईंवर पडत गेला. एका सेनापतीने आपल्या विधवा सुनेस चूल सांभाळण्यास न सांगता दौलतीचे काम सांगावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

१७६६ साली मल्हारराव आलमपुरास निवर्तले. नातू मालेराव गादीवर आले आणि वर्षही पुरते न भरता १७६७ साली आजारात वारले. दौलतीस पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी या प्रसंगी अशी योजना पुढे मांडली की, होळकरांच्या दूरच्या नात्यातील एखादे मूल दत्तक घ्यावे, बाईंस योग्य ती नेमणूक तोडून द्यावी आणि कारभार आपण पाहावा. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांस त्यांनी या बेतात ओढले. मूल लहान, बाई विधवा आणि कारभारी अनुभवी. कागदावर ही योजना सोयीचीच दिसत होती.

अहिल्याबाईंनी यावर जी भूमिका घेतली ती रणरागिणीच्या चित्रांत हरवून जाते. फौज जमविणे, भोसले-गायकवाडांस पत्रे धाडणे, स्त्रीशी लढून जय मिळाला तरी अपकीर्ती आणि हरला तर दुहेरी अपकीर्ती असा निरोप रघुनाथरावांस पाठविणे हे सर्व त्यांनी केलेच. परंतु त्या सर्वाच्या मुळाशी एक कायदेशीर प्रतिपादन होते. आपण शेवटच्या धन्याची आई आणि त्याच्या पित्याची विधवा आहोत; तेव्हा दत्तक घ्यावयाचा की नाही आणि घ्यावयाचा तर कोणता, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, दिवाणाचा नाही. ही मागणी दयेची नव्हती, देशरिवाजाची होती. थोरले माधवराव पेशवे यांनी ती मान्य केली व चुलत्यांस आवरले. पुढे अहिल्याबाईंनी दत्तक घेतलाच नाही. होळकर कुळातील अनुभवी सरदार तुकोजी यांस फौजेचा अधिकार दिला आणि मुलखाचा कारभार आपल्या हाती ठेवला. तुकोजी वयाने मोठे असूनही बाईंना मातोश्री म्हणत आणि त्यांच्या शिक्क्यावर मल्हाररावांचे पुत्र असा निर्देश असे. शास्त्राने हे दत्तविधान नव्हे. पण सर्वांनी मानले आणि तीस वर्षे चालले.

या एका घरगुती वाटणाऱ्या तंट्याचे कायद्यातले मोल समजण्यासाठी शंभर वर्षे पुढे जावे लागते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणेतील जातींच्या चालीरीती गोळा करण्याचे काम आर्थर स्टील यांस सांगितले. स्टील यांनी पुण्यात जातीजातींच्या मुखियांस विचारून त्या लिहून घेतल्या. वारसा, दत्तक, काडीमोड, पाट, मोहोतूर असे विषय त्यात होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तेव्हा महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत पाटाची चाल पूर्वापार होतीच, ही गोष्ट शहरी सुधारक पुष्कळदा विसरतात. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये न्यायाधीशांस क्रम घालून दिला गेला. लिखित कायदा व रेग्युलेशन प्रथम. ते नसल्यास देशाची वहिवाट. तीही नसल्यास प्रतिवादीचा धर्मनियम. आणि कशानेच भागले नाही तर केवळ न्याय व सद्सद्विवेकबुद्धी. वहिवाटीचे स्थान ग्रंथाच्या आधी होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८६८ साली दोन निकाल झाले. रामनाडच्या जमीनदारीच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, वहिवाट स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती ग्रंथातील वचनाहून वरचढ होय. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाई विरुद्ध राधाबाई या दाव्यात निर्णय दिला की, मराठी मुलखात विधवेस नवऱ्याच्या परवानगीवाचून व भाऊबंदांच्या संमतीवाचूनही दत्तक घेता येतो. हा नियम सर्व हिंदुस्थानचा नव्हता. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा लागे. द्रविड देशात सपिंडांची संमती चाले. मिथिलेत विधवेस दत्तक घेताच येत नसे. धर्मशास्त्र एकच, वचनही एकच. पण प्रांताप्रांतांच्या आचाराने त्याचा अर्थ निराळा झाला होता. मराठी मुलखात तो विधवेच्या बाजूस झाला. अहिल्याबाईंनी १७६७ साली ज्या हक्कावर पाय रोवले तो त्या मुलखातील लोकांच्या जिभेवर आधीपासून होता. कोर्टाच्या पुस्तकात तो १८६८ साली आला एवढेच.

राज्य हाती आल्यावर अहिल्याबाईंचा दिनक्रम ठरलेला असे. जनरल सर जॉन माल्कम यांनी त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाच्या आत माळव्यात हिंडून, त्यांना पाहिलेल्या माणसांस विचारून तो लिहून ठेवला आहे. इतकी स्तुती ऐकून त्यांस प्रथम शंका आली होती. म्हणून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या व पक्षांच्या लोकांकडे चौकशी केली आणि चौकशी करावी तसतशी स्तुती वाढतच गेली. माल्कम हे होळकरांशी महिदपूरच्या मैदानावर लढलेले सेनानी. भाटगिरी करण्याचे त्यांस कारण नव्हते. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन आणि अल्प विश्रांती झाल्यावर बाई दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येत. तेथे सहापर्यंत बसत. सायंपूजा व फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज चाले. पडदा न धरता उघड्या दरबारात बसून त्या फिर्याद ऐकत. तंटे सामान्यतः पंचांकडे व कारभाऱ्यांकडे सोपवीत. परंतु पंचांच्या निवाड्याने समाधान न झालेल्या अगदी गरीब माणसाससुद्धा त्यांच्यापर्यंत येता येई, आणि प्रकरण क्षुल्लक आहे म्हणून त्या ते वरवर पाहत नसत. हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. जमिनीचा सारा माफक ठेवावा आणि गाववतनदारांच्या व जमीनमालकांच्या पूर्वापार हक्कांस धक्का लावू नये, हे त्यांच्या मुलकी कारभाराचे सूत्र माल्कम यांनी नोंदविले आहे.

येथे एक लोकप्रिय कथा बाजूस सारली पाहिजे. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले म्हणून आईने पुत्रास देहान्त शासन फर्मावले, अशी ती कथा. कीर्तनात ती रंगते, चित्रांत शोभते; पण तिला कागदाचा आधार नाही. मालेरावांचा मृत्यू आजाराने झाला. ज्या स्त्रीने इतके पंच बसविले आणि एवढ्या साक्षी ऐकविल्या, तिच्या न्यायाची थोरवी सांगण्यास एका भयंकर तडकाफडकी निकालाची कथा लागावी, हे तिच्या कामावर अन्याय करणारे आहे.

त्यांच्या दरबारातील ज्या हकीकती खात्रीने सांगता येतात त्यांतील बऱ्याच विधवांच्या आहेत. हा योगायोग नव्हे. त्या काळी धनवान सावकार निपुत्रिक वारला की सरकारी अंमलदारांचे डोळे त्याच्या तिजोरीकडे लागत. शास्त्र पाहिले तर मिताक्षरेप्रमाणे विभक्त झालेल्या निपुत्रिक पुरुषाची पहिली वारस त्याची पत्नी. राजाकडे धन जावयाचे ते कोणीच वारस नसेल तेव्हा. परंतु शास्त्र पुस्तकात आणि अंमलदार दारात, अशी स्थिती होती. मूल नाही म्हणजे माल बेवारस, असे धरून जप्ती करावयाची किंवा जप्तीचा धाक घालून नजराणा उकळावयाचा, ही सुद्धा एक चालच पडली होती. तिलाही लोक रिवाज म्हणत.

सिरोंज येथील एका धनाढ्य सावकाराच्या घरी असाच प्रसंग आला. घरच्यांनी दत्तक घेण्याचे ठरविताच तेथील कमाविसदाराने मोठी रक्कम मागितली. ती विधवा मुलास घेऊन महेश्वरास गेली. अहिल्याबाईंनी चौकशी करून कमाविसदारास कामावरून दूर केले, दत्तक कायम केला, मुलास मांडीवर घेतले आणि वस्त्रे-अलंकार देऊन मायलेकरांची बोळवण केली. खरगोणच्या एका सावकारी घरातील विधवेने आपण होऊन सारी संपत्ती त्यांना देऊ केली, तर तीही त्यांनी घेतली नाही. तुमच्या धनाने लोकोपयोगी काम करा, असे सुचविले.

इंदूरची हकीकत याहून नाजूक होती. कारण तेथे मागणारा अंमलदार नव्हता, खुद्द तुकोजी होळकर होते. त्यांची छावणी इंदुराजवळ पडली असता देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला. काही मतलबी माणसांच्या सल्ल्याने तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. फौजेचा पगार थकलेला, समोर भरलेले घर आणि मागणारा दौलतीचा सेनापती. तिथे एका विधवेचे कोण ऐकणार? तिने महेश्वर गाठले. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि तिला वस्त्रे दिली. या वस्त्रांचा अर्थ आज सांगावा लागतो. दरबारातून वस्त्रे मिळणे म्हणजे नुसता मानमरातब नव्हे; त्या वस्त्रांनी ती स्त्री पतीच्या घराची व मालमत्तेची एकमेव मालकीण ठरली. आज वारसदाखला जे काम करतो ते त्या लुगड्याने केले. त्याच वेळी तुकोजींस हुकूम गेला की, छावणी इंदुरापासून हलवावी आणि आपल्या शहरास अशा गैरवाजवी मागण्यांचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तो तत्काळ पाळला, हे त्यांच्याही मोठेपणाचे लक्षण समजले पाहिजे. इंदूर शहराचे आणि अहिल्याबाईंचे नाते या घटनेने जडले, असे माल्कम यांनी म्हटले आहे. इंदूरच्या व्यापाऱ्यांनी पुढे जी भरभराट केली तिच्या पायाशी हा भरवसा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. मेल्यामागे आपले घर लुटले जाणार नाही, हे कळल्यावाचून सावकार शहरात पेढी घालीत नाही.

ज्या विधवेच्या वारसाहक्कास अहिल्याबाईंनी वस्त्रे देऊन मान्यता दिली तो इंग्रजी अमलात आकुंचितच राहिला. पतीचे धन तिला मिळे, पण हयातीपुरते. एकत्र कुटुंबात तर पोटगीवरच भागवावे लागे. १९३७ साली मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला व तो देशमुख कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याने हक्क वाढविला, मालकी पुरती दिली नाही. ती मिळाली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने विधवेस स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याची मुभा सर्व देशभर दिली. मराठी मुलखाचा जुना आचार अशा रीतीने मिथिलेपर्यंत पोहोचला. या कायद्यांनी बाकीच्या बहुतेक रूढी मोडीत काढल्या आणि काही मोजक्याच नावानिशी राखल्या. पंधरा वर्षांवरील किंवा विवाहित व्यक्ती दत्तक घेण्याची चाल ज्या समाजात असेल तेथे ती चालू द्यावी, ही सवलत त्यांपैकीच.

पहाडी मुलखात प्रश्न निराळा होता. विंध्य-सातपुड्यातील भिलांचा वाटमारीवर निर्वाह चाले, असा मैदानी लोकांचा समज. भिलांचे म्हणणे असे की, डोंगर आमचा, वाट आमची. आमच्या हद्दीतून माल जातो त्यावर आमचा हक्क आहे. अहिल्याबाईंनी प्रथम समजुतीने पाहिले. उपयोग झाला नाही तेव्हा कठोर शासन केले. काही म्होरक्यांस देहदंडही झाला. हे सांगण्याचे टाळून त्यांचे चरित्र गोड करण्यात अर्थ नाही. परंतु धाक बसल्यावर त्यांनी जे केले ते विचार करण्यासारखे आहे. भिलांचा जुना हक्क त्यांनी बुडविला नाही. मालावर अल्पशी भिलकवडी घेण्याची त्यांची वहिवाट कायम केली आणि तिच्याशी जबाबदारी बांधून दिली. वाट राखावयाची, वाटसरू सांभाळावयाचा, आणि हद्दीत चोरी झाली तर माल शोधून आणून द्यावयाचा. पडीक जमिनी देऊन त्यांना शेतीसही लावले. ज्यास सरकार गुन्हा म्हणत होते आणि पहाड हक्क म्हणत होता, त्याचे त्यांनी चौकीदारीच्या मोबदल्यात रूपांतर केले.

इंग्रजी मुलखात १८७८ च्या जंगल कायद्याने वनवासी लोकांचे असे अनेक हक्क सरकारी मेहेरबानीवर आले. ही गाठ सुटण्यास शंभरांहून अधिक वर्षे गेली. या माळव्यातीलच झाबुआ-रतलाम भागाचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९९६ साली अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, म्हणजे ज्यास पेसा म्हणतात तो, संमत झाला. आपल्या परंपरा, सामुदायिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटविण्याची रूढ पद्धत जतन करण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे त्यात म्हटले आहे. २००६ साली वनहक्कांचा कायदा आला. मध्य प्रदेश शासनाने पेसाचे नियम लागू केले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे मूळ कायद्यानंतर सव्वीस वर्षांनी. या कायद्यांचा आणि भिलकवडीचा कागदोपत्री संबंध नाही. पण खरगोण, बडवानी, झाबुआ, अलीराजपूर येथील ग्रामसभांपुढचा प्रश्न महेश्वरच्या दरबारापुढे आला होता तोच आहे.

रूढीचा दुसरा चेहराही अहिल्याबाईंस पाहावा लागला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरात. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणशांस दिली होती. नातू नथ्याबा तारुण्यातच गेला. त्यानंतर १७९१ साली जावई यशवंतराव वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनविले. राणी म्हणून नव्हे, आई म्हणून पायांशी लोळण घेतली. मुक्ताबाईंचे म्हणणे असे होते की, आईचे वय झाले आहे. ती गेल्यावर आपल्यामागे कोणी नाही, मग मानाने जाण्याची वेळ पुन्हा येणार नाही. त्या उत्तरास आईपाशी तोड नव्हती. ज्यांच्या एका हुकुमाने सेनापती छावणी हलवीत असे त्या नदीकाठी दोन ब्राह्मणांनी धरून ठेवल्या अवस्थेत चितेपाशी उभ्या होत्या. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत.

स्वतः सासऱ्यांच्या शब्दाखातर मागे फिरलेल्या या स्त्रीने आपल्या राज्यात ती चाल बंद का केली नाही, असा प्रश्न आजचा वाचक विचारील. तो विचारलाच पाहिजे. विधवेचे धन हिरावण्याची अंमलदारांची चाल त्या मोडू शकल्या, कारण तेथे रूढीविरुद्ध उभी करण्यास त्यांच्यापाशी दुसरी, अधिक न्याय्य रूढी होती आणि लोक त्यांच्या बाजूस होते. सतीच्या बाबतीत एकटी आई एका बाजूस आणि सारा समाज, त्यात खुद्द लेकही, दुसऱ्या बाजूस. तेथे वहिवाट पुरी पडत नाही. तेथे लिखित कायदा लागतो. राजा राममोहन राय यांच्या चळवळीनंतर लॉर्ड बेंटिंक यांनी १८२९ साली बंगाल इलाख्यात तो केला. पुढे न्यायालयांनी रूढीस जी कसोटी लावली ती अशी की, ती पुरातन असावी, निश्चित असावी आणि न्यायबुद्धीस विरुद्ध नसावी. आपल्या राज्यघटनेच्या १३ व्या कलमात कायदा या शब्दात रूढी व वहिवाट यांचाही समावेश आहे, तो याच अर्थाने. मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी तेथे टिकत नाही.

अहिल्याबाईंच्या व्यवस्थेपैकी एक गोष्ट मात्र अगदी आपल्या डोळ्यांदेखत न्यायालयात उभी राहिली. ती म्हणजे खासगी. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही परगण्यांचे उत्पन्न लावून दिले. दौलतीच्या उत्पन्नाहून ते वेगळे. फौजेचा खर्च दौलतीतून, आणि खासगी राणीच्या स्वाधीन. १७६१ साली गौतमाबाई गेल्यावर ते अहिल्याबाईंकडे आले. एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जाणारी, राज्यकर्त्या पुरुषांनी हात न लावावयाची अशी ही मिळकत म्हणजे स्त्रीधनाच्या कल्पनेस दिलेले राजकीय रूपच होय. अहिल्याबाईंनी हा ऐवज तुळशीपत्र ठेवून शिवार्पण केला, अशी परंपरा आहे. देशभरातील देवळे, घाट, धर्मशाळा याच उत्पन्नातून उभ्या राहिल्या. राज्याच्या तिजोरीवर त्यांचा भार पडला नाही. रयतेचा पैसा आणि राणीचा धर्म यांतील ही सीमारेषा त्यांनी कटाक्षाने पाळली.

१९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन होताना खासगीचे उत्पन्न नव्या सरकारकडे गेले आणि तिच्या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे राखून ठेवण्याचे करारनाम्यात ठरले. १९६२ साली त्या धर्मादायांच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. या मिळकती कोणाच्या, आणि त्यांवर देखरेख कोणाची, हा वाद पुढे इंदूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही संस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे, तिला मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो आणि तिने त्याखाली नोंदणी केली पाहिजे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका राणीच्या नावे लावलेले उत्पन्न, सनदेतून रिवाजात, रिवाजातून करारनाम्यात आणि तेथून कलमांत आले. तुळशीपत्राचा अर्थ लावण्याचे काम आता निबंधकाच्या कचेरीकडे आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाई महेश्वरी कैलासवासी झाल्या. दोन वर्षांनी तुकोजी गेले, भावाभावांत कलह पेटला, आणि पुढील वीस वर्षे माळव्याने शिंदे-होळकरांची युद्धे आणि पेंढाऱ्यांची धाड सोसली. गावे ओस पडली, दप्तरे जळाली, वतनदार परागंदा झाले. १८१८ नंतर माल्कम माळव्याची घडी बसवू लागले तेव्हा त्यांच्यापुढे शेकडो तंटे आले. कोणाचा सारा किती, कोणाची हद्द कोठवर, कोणाचा हक्क कसला; कागद तर बहुतेकांजवळ नव्हते. अशा वेळी एखादा पक्षकार उभा राहून आपली वहिवाट अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत अशी होती एवढे दाखवून देई, आणि मग समोरचा पक्ष हरकत घेत नसे. माल्कम यांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे.